मागून नेलेलं हत्यार

आमच्या पिंगळीत काही गोष्टींना नाही म्हणायची पद्धत नाही. कुणी ताकासाठी तांब्या घेऊन आलं, विहिरीत बादली पडली म्हणून गळ मागायला आलं, तर घरातलं माणूस जेवणावरून उठून देतं. पेरणीत तिफण, मळणीत ताडपत्री, लग्नात पातेली आणि सतरंज्या, या वस्तू ज्याच्या घरात असतात त्याच्या निम्म्याच असतात. उरलेल्या निम्म्या गावाच्या. ‘त्यांच्याकडं टिकाव मागितला तर दांडा मोडलाय म्हणाले’ एवढं एक वाक्य पारावर पडलं की त्या घराची किंमत ठरते.

अशा गावात एखादी वस्तू आपल्याकडं आहे, ती चांगल्या स्थितीत आहे, आणि तरी आपण ती देत नाही, याचं कारण सांगणं फार अवघड. लोकांना एकच कारण ठाऊक असतं, कंजूषपणा. मला इथं दुसऱ्या एका कारणाबद्दल लिहायचं आहे. वस्तू मी माझ्या हातानं बनवलेली आहे, माझ्या हातात ती नीट चालते, आणि दुसऱ्याच्या हातात ती त्याचा डोळा फोडू शकते. ती द्यावी का?

वस्तू म्हणजे वॉलची स्प्रिंग दाबायचा शिकंजा. गावात त्याला ‘दाब्या’ नाव पडलं आहे. ज्यांनी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

परभणीहून पूर्णेकडं निघालं की रेल्वेच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन दिसते, आणि या जमिनीतल्या विहिरींवर पूर्वी जागोजाग पाच हॉर्सपॉवरची डिझेल इंजिनं असत. वीज आली तरी ती रात्री येणार, म्हणून बऱ्याच जणांनी इंजिन विकलं नाही. गावोगाव दिसणारं किर्लोस्करचं एव्ही-वन घ्या. एकच सिलिंडर, 80 मिलिमीटर व्यासाचा, मिनिटाला 1500 फेरे. वर हेडमध्ये दोन वॉल, एक हवा आत घ्यायला, एक धूर बाहेर टाकायला. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक वॉल एकदा उघडतो आणि स्प्रिंग त्याला परत जागेवर ओढते. म्हणजे मिनिटाला 750 वेळा. रात्री आठ तास पाणी दिलं तर सकाळपर्यंत तीन लाख साठ हजार वेळा. एवढ्या आपटण्यानं वॉलची आणि त्याच्या सीटची कड झिजते, काजळी बसते, फट पडते. मग हँडल मारताना कॉम्प्रेशन लागत नाही, हँडल रिकाम्या रहाटासारखं गरगर फिरतं. तेव्हा हेड उतरवायचं, वॉल काढायचे, पेस्ट लावून सीटवर घासायचे, वरून रॉकेल ओतून बघायचं की पाझरतंय का. नाही पाझरलं की झालं. काम कष्टाचं आहे, पण अवघड नाही.

अवघड आहे ती फक्त स्प्रिंग. वॉलच्या दांडीला एक खाच असते, खाचेत करंगळीच्या नखाएवढे दोन अर्धगोल लॉक बसतात, आणि त्यांच्यावर वाटीसारखी टोपी. आवळलेली स्प्रिंग त्या टोपीला खालून सतत वर रेटत असते. सगळा जोर त्या दोन नखांवर. वॉल काढायचा तर टोपी खाली दाबून धरायची, लॉक उचलायचे आणि मग हळूहळू सोडायची. दाबून धरायला जे हत्यार लागतं ते म्हणजे हा शिकंजा.

हे हत्यार नसलं तरी काम अडत नाही, ही खरी अडचण. मिस्त्री टोपीवर पाइपाचा तुकडा ठेवून हातोडा घालतात आणि लॉक आपोआप उडतात. बसवताना मात्र एकानं रिंग पान्यानं किंवा दोन स्क्रूड्रायव्हरनं टोपी दाबायची आणि दुसऱ्यानं बोटाला ग्रीस लावून लॉक खाचेत चिकटवायचे. मोठ्या माणसाचं बोट तिथं मावत नाही. म्हणून हा दुसरा म्हणजे नेहमी घरातलं एखादं पोरगं असतं. बारीक बोटं, तेज नजर. ते पोरगं लॉकची खाच दिसावी म्हणून तोंड अगदी टोपीजवळ नेतं. मी हे कितीतरी विहिरींवर पाहिलं आहे आणि मला वाटतं या भागातल्या बहुतेकांनी पाहिलं असेल.

आमच्याच विहिरीवर एकदा मिस्त्रींचा स्क्रूड्रायव्हर निसटला. स्प्रिंग टोपीसकट उडाली आणि इंजिनाच्या खोलीच्या पत्र्याला वरून खोच पाडून गेली. माझा भाचा तेव्हा खाली पडलेला दुसरा लॉक उचलायला वाकला होता. मिस्त्री हसले. “वाचलास बाबा,” म्हणाले, आणि कडब्यात स्प्रिंग शोधायला लागले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तीस वर्षं त्यांनी असंच काम केलेलं, त्यांच्या लेखी तो एक निसटलेला स्क्रूड्रायव्हर होता. मी मात्र त्या पत्र्याच्या खोचेकडं बरेच दिवस बघत होतो.

शिकंजा बाजारात मिळतो. परवडत नव्हता असंही मी म्हणणार नाही. पण मनात आलं की हे आपल्याला करता येईल, आणि असं एकदा मनात आलं की दुकानात जायला पाय निघत नाही. इंग्रजी ‘सी’सारखी चौकट, जाड पट्टीची. एका टोकाला वेल्ड केलेला नट आणि त्यातून जाणारा बोल्ट, त्याचं गोल केलेलं टोक वॉलच्या तोंडावर टेकणार. दुसऱ्या टोकाला टोपीच्या मापाचा पाइपाचा तुकडा, त्याच्या अंगाला खिडकी कापलेली, त्या खिडकीतून लॉक काढायचे-घालायचे. बोल्ट आवळत गेलं की वॉल जागेवर राहतो आणि पाइप टोपीला खाली रेटतो. बस्स. सगळं सामान भंगारातलं. पट्टी ट्रकच्या पाट्याची घ्यावी असं पहिल्यांदा सुचतं, पण ते पोलाद कडक असतं, वेल्डच्या शेजारी तडकायची भीती. साधं जाड लोखंड घेतलं. जड झालं, पण वाकलं तरी सांगून वाकेल असं.

मिस्त्रींना मी नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“भाऊ, बोल्ट कामून? लिवर लावा की. एका दाबात काम. बोल्ट फिरवत बसायला कुणाला येळ हाय?”

या प्रश्नात सगळा मुद्दा आहे. लिवर खरोखरच झटपट. पण लिवर हातावर विश्वास ठेवते. हात दाबून आहे तोवर स्प्रिंग दबलेली, हात घसरला, घाम आला, मागून कुणी हाक मारली, की स्प्रिंग मोकळी. बोल्टाचं तसं नाही. तुम्ही जिथं सोडाल तिथं तो राहतो. तुम्ही बिडी ओढायला बाहेर गेलात तरी राहतो. आटे बारीक असल्यामुळं स्प्रिंगच्या जोरानं तो उलटा फिरत नाही. लिवर हे कसबी माणसाचं हत्यार आहे आणि बोल्ट दमलेल्या माणसाचं. विहिरीवरचं इंजिन कधी बंद पडतं? पिकाला पाणी तोडता येत नाही तेव्हा, रात्री, दोन दिवस न झोपलेल्या माणसासमोर. मग हत्यार कुणासाठी बनवायचं, हे ठरलेलंच आहे.

हा विचार काही माझा नाही. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. गांधींची ती कल्पना. अटींमध्ये किंमत 150 रुपयांच्या आत हवी, वीस वर्षं टिकायला हवा, असं होतंच. पण मला त्यातली आवडते ती वेगळीच अट: एका बाईला तो साध्या घरात सलग आठ तास फार दम न लागता चालवता आला पाहिजे. सूत किती निघतं हे अर्थातच विचारलं होतं, पण चालवणारीचं काय होतं तेही विचारलं होतं. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा तिथं गेला होता. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. लाख रुपये ठेवूनही दमलेल्या माणसाचं यंत्र सापडलं नाही, यावरून ते किती अवघड आहे ते कळतं.

दाब्या तयार झाला, त्यानं आमच्या इंजिनाचे दोन्ही वॉल काढले, बसवले, भाचा लांब बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. त्यानंतर आठ दिवसांत पहिला माणूस मागायला आला.

पहिल्या दोन-तीन वेळा प्रश्न आलाच नाही. ओळखीची इंजिनं, त्याच घाटाची. मी स्वतः सोबत जायचो. तशी माझी उत्सुकताही होती. मग खालच्या आळीतला एक पोरगा आला. शिकलेला, हातात कसब असलेला, परभणीत गॅरेजला दोन वर्षं काढून परत आलेला. त्याला ट्रॅक्टरचं हेड खोलायचं होतं.

“काका, दोन दिवस दाब्या न्यायलोय.”

विचारलं नाही, सांगितलं. आमच्याकडं असंच मागतात आणि तेच बरोबर आहे. मी म्हणालो, “हत्यार नको नेऊ. मी येतो घेऊन.” तो म्हणाला, “तुम्ही कशाला येता? मला येतंय की.” आणि त्याला येत होतं, यात शंका नाही. पण ट्रॅक्टरच्या स्प्रिंगा वेगळ्या. पाइपाचा तुकडा आमच्या इंजिनाच्या टोपीच्या मापाचा. दुसऱ्या टोपीवर तो बरोबर मध्ये बसला नाही तर कडेला सरकेल, आणि कडेला सरकलेला पाइप स्प्रिंगला तिरकं फेकतो. शिवाय वेल्ड. वेल्ड वरून मुंग्यांच्या रांगेसारखा सुबक दिसतो, आत लोखंड एकमेकांत गेलं आहे की नुसतं टेकलं आहे हे बघणाऱ्याला कळत नाही. तो किती जोराला पुरतो हे मी आमच्या स्प्रिंगवर पाहिलं होतं. त्याच्या ट्रॅक्टरच्या स्प्रिंगवर कुणीच पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच उमटत होतं. त्याला ऐकू येत होतं की काका हत्यार देत नाहीत. शेवटी, “असू द्या काका,” म्हणून गेला. त्या रात्री आईनं विचारलं, “पोराला मोकळंच लावलंस?” मी कारण सांगायला लागलो तर म्हणाली, “समदं खरं. पण तू त्याचा हात बघितला न्हाईस, तुझी वस्तू बघितलीस.”

आईच्या या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आणि तिच्याशी मी सहमत नाही. का, ते सांगतो.

पूर्वी लोहारानं फास दिला आणि तो ऐन पेरणीत मोडला, तर कुणब्याला त्याचं घर ठाऊक होतं. तो तसाच बैल सोडून लोहाराच्या दारात जायचा, आणि लोहाराला भाता पेटवावा लागायचा, कारण खळ्यावर बलुतं घ्यायला त्याच माणसासमोर जायचं होतं. वस्तूमागं एक माणूस उभा असायचा. त्या व्यवस्थेचं मला कौतुक नाही. तीच व्यवस्था कुणाला दारात उभं करायची आणि कुणाला दाराबाहेर, हे आमच्या गावातल्या काही आळ्यांना विचारावं. पण एवढं तिच्यात होतं. पुढं कारखाने आले, वस्तू लांबून यायला लागली, तेव्हा माणसाच्या जागी नाव आलं. ओतीव लोखंडात नाव कोरलेलं असतं ते नुसतं मिरवायला नसतं. कुठं यायचं भांडायला, याचा तो पत्ता असतो.

या दोन्हींच्या मधली वस्तू सगळ्यांत धोक्याची. मळणी यंत्रांचं तेच झालं. लहान लहान वर्कशॉपांत ती बनली, स्वस्त होती, काम भराभरा उरकायची, आणि कणसं आत सारताना हात जायचे. हात जाणारे बहुतेक मजूर, रात्रपाळीला पेंगुळलेले. इतके हात गेले की 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, तो मुख्यतः या यंत्रांसाठी. त्यात काय मागितलं? यंत्रावर बनवणाऱ्याचं नाव हवं. कसं वापरायचं ते सोबत सांगायला हवं. म्हणजे कायद्यानं जे मागितलं ते शेजारीच मागतो: कुणी केलंय, आणि कसं धरायचं. ज्यांनी ती यंत्रं बनवली ते काही दुष्ट नव्हते. त्यांच्या स्वतःच्या हातात यंत्र नीटच चालत असणार. ते दुसऱ्याच्या पेंगुळलेल्या हाताचं धरून चालले नाहीत, इतकंच.

म्हणून ‘जुगाड’ या शब्दाचं जे कौतुक हल्ली शहरातून ऐकू येतं ते मला पचत नाही. अडल्या वेळी तारेनं बांधून घर गाठणं वेगळं. स्वतःच्या जिवावर माणूस काय वाटेल ते करू शकतो, तो त्याचा हक्क म्हणा. पण तीच तारेनं बांधलेली वस्तू आपण शेजाऱ्याला देतो तेव्हा आपण त्याच्या जिवावर धाडस करत असतो, आणि त्याला ते ठाऊक नसतं. देणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, हा फरक मला साधा वाटत नाही. ताक देताना असा फरक नसतो.

याला उलट उत्तर आहे आणि ते कच्चं नाही. असं बोलत बसलं तर शिक्क्याशिवाय कुणी कशाला हात लावणार नाही, आणि शिक्का असलेली वस्तू ज्याला परवडते त्याचंच इंजिन चालेल. मराठवाड्यातली शेती अर्धी घरगुती हत्यारांवर उभी आहे. शिवाय मी दाब्या दिला नाही म्हणून तो पोरगा काही दुकानात गेला नाही. तो पाइप-हातोड्यावर गेला असणार, आणि कुठलंतरी दुसरं बारीक बोटांचं पोर टोपीजवळ तोंड नेऊन बसलं असणार. माझा नकार स्वच्छ राहिला आणि धोका जिथं होता तिथंच राहिला. आईचं म्हणणं बहुधा हेच होतं, तिनं ते तिच्या शब्दांत सांगितलं. तरी मला वाटतं, दुसऱ्यानं पत्करलेला धोका आणि मी न सांगता त्याच्या हातात ठेवलेला धोका हे दोन वेगळे आहेत, जरी डोळा तोच असला तरी.

पूर्णेचे एक निवृत्त फिटर आमच्या पाहुण्यांत आहेत, उभा जन्म रेल्वेत गेलेला. त्यांच्यापाशी हा विषय काढला तर त्यांना त्यात नैतिक वगैरे काही दिसलंच नाही. म्हणाले, “आमच्यात वजन उचलायच्या साखळीवर किती वजन ते लिहिलेलं असतं. वर्षातून एकदा तपासणी. तुम्ही लिहिलंय का?” कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यात तसं होतं खरं: साखळी, दोर, याऱ्या यांच्यावर सुरक्षित भार स्पष्ट लिहायचा आणि बारा महिन्यांतून एकदा तरी जाणत्या माणसानं तपासायच्या. मला वजन ठाऊक नव्हतं. पण जे ठाऊक होतं ते लिहिता येत होतं. परभणीहून अक्षरांचे पंच आणून चौकटीवर ठोकून घेतलं: माझं आडनाव, महिना-साल, आणि ‘फक्त 5 एचपी’. पाइपाची खिडकी कुठं असावी तिथं लाल रंगाची खूण. तेव्हापासून त्या घाटाच्या इंजिनासाठी मी दाब्या सोबत न जाता देतो. दुसऱ्या कशासाठी कुणी मागितला तर चौकटीवर बोट ठेवतो. लोक हसतात, पण वाचतात.

तो पोरगा सहा महिन्यांनी आला. रुसवा गेला होता की लपवला होता, सांगता येत नाही. दाब्या मागितला नाही. म्हणाला, “काका, मापं द्या.” मी कागदावर सगळं काढून दिलं, पट्टीची जाडी, वेल्डच्या कोपऱ्यात तिकोनी आधार, खिडकीची रुंदी. दिवाळीच्या पुढं-मागं त्यानं निरोप धाडला, बघायला या.

गेलो. चौकट माझ्यापेक्षा मोठी, आधार दिलेले, वेगवेगळ्या टोप्यांसाठी तीन पाइप बदलता येतील असे. आणि बोल्ट नव्हता. लिवर होती. मी काही बोलायच्या आत त्यानं लिवर दाबली आणि हात सोडून दिला. ती तिथंच राहिली. ट्रॅक्टरच्या जुन्या हँडब्रेकची दातेरी पट्टी त्यानं तिला लावली होती. दात दातात अडकलेला.

मी खाली बसून ते दात बघितले. दोन दातांची टोकं आधीच्या मालकानं गोल करून टाकली होती. त्याला दाखवले. तो म्हणाला, “ते दोन लागत न्हाईत, त्याच्या अलीकडंच काम होतंय.” मी म्हणालो, मग ते दोन घासून काढून टाक, म्हणजे कुणाचा हात तिथवर जाणारच नाही. त्यानं मिस्त्रींच्या पोराला ग्राइंडर आणायला पाठवलं. तेवढ्यात बाहेर मिरखेलचे दोघं मोटारसायकलवरून आले होते, दाब्या न्यायला.